उकडलेल्या तिखाडीचं छप्पर

१९८४ साल. मी एकावन्न वर्षांचा होतो, आणि अहेरीकडच्या सगळ्या जंगलात माझ्या व्याह्याएवढा चिवट माणूस तेव्हा नव्हता, आजही नाही. मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण हे छातीठोक लिहितो.

आम्ही दोघं एकाच ठेकेदाराच्या तिखाडीच्या भट्टीवर होतो. तिखाडी म्हणजे वासाचं गवत. मोठ्या हंड्यात उकडायचं, वाफेतून तेल उतरवायचं. तेल ठेकेदार न्यायचा. उरलेला चोथा थोडा भट्टीखाली जळायचा, बाकी ढिगानं सडायचा. तो ढीग पाहून व्याह्याच्या घशाखाली भाकर उतरत नसे. त्यानं चोथ्याची गादी भरली. तिच्यावर निजलेला पाहुणा पहाटेच बाहेर अंग खाजवत बसलेला दिसायचा. दोर वळले, ते बैलानं तोडले. मग चोथाच बैलापुढं टाकला. बैल नुसता पाहत राहिला, तर हा त्यालाच म्हणतो, "काऊन पाहून राह्यला बे असा? तेल काढलं, जीव नाई काढला!" एकदा माझ्या घरी मानाचा पाहुणा म्हणून आला आणि हिरडा फोडून फेकलेल्या बिया उकिरड्यावरून धोतरात वेचत बसला. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. माझी बायको आतून ओरडली, "इवाईबुवाले चहा तिथीच आणून देऊ का?"

त्या उन्हाळ्यात त्यानं सगळं घर चोथ्यानं शाकारलं. त्या घरात माझी लेक दिलेली, सहा महिन्यांचा नातू. जावई घुग्घुसला खाणीवर. व्याह्याचं म्हणणं, तिखाडीच्या वासाजवळ उधई, म्हणजे वाळवी, फिरकत नाही. लेक म्हणाली, "मामाजी, याले तं वासच नाई."

त्यानं एक मूठ माझ्या नाकाशी धरली. "सांगा इवाई, येते का नाई?"

मी हुंगलं. येत होता. बारा वर्षं भट्टीवर काढलेली नाकं आमची. आम्हाला भातालाही तिखाडीचा वास यायचा. पण हे तेव्हा कोणाला सुचावं? मी लेकीला म्हटलं, "तुले पडसं झालं, पोरी."

पाऊस लागल्यापासून उधईनं छप्पर आतून पोखरलं. पाळण्यात माती पडायची. लेकीनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा मी उलट निरोप दिला, वास मी स्वतः घेतला आहे. पोळ्याच्या आठवड्यात भर दुपारी आढं मोडलं. लेक अंगणात भांडी घासत होती, नातू तिच्या पाठीला बांधलेला, म्हणून दोघं वाचली. घर गेलं.

मी पोचलो तेव्हा व्याही त्या पडक्या छपरावर बसून कुजलेली मूठ हुंगत होता. "इवाई, अजून वास येऊनच राह्यला ना?"

मला येत होता. लेक माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"नाई येत," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जणू मी त्याला वेळ विचारली होती आणि त्याला ती माहीत नव्हती. मग हात धोतराला पुसत राहिला, कितीतरी वेळ. मीही त्याच्यासारखाच चुकलो होतो, हे मला म्हणता आलं असतं. मी लेकीची भांडी गोळा करू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला आणि नातवाला बैलबंडीत बसवून मी माझ्या गावी निघालो. व्याही नाल्यापर्यंत मागून चालत आला. बंडीत जागा होती. मी त्याला बस म्हटलं नाही.