चैतराम मिस्त्रींची बारा हातांची दोरी

चैतराम मिस्त्रींना कुणी "जय भीम" घातला, तर ते आधी मागे वळून बघतात, की हा नक्की आपल्यालाच का. मग "जय भीम" परत देतात आणि वर कारणही विचारतात, "काऊन?"

दोन विटा एकमेकींवर आपटून कान लावतात नि दुकानदाराला सांगतात, "ही खोटं बोलून राहिली." दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला तर म्हणाले, "आधी तुमचं मोजून दाखवा." चार वर्षांपूर्वी काँक्रीटच्या मिक्सरनं त्यांच्या उजव्या मधल्या बोटाचं टोक नेलं. तेव्हापासून मिक्सरशी तर बोलणंच बंद.

तरी अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या टोलीत गेल्या चाळीस वर्षांत जे घर उभं राहिलं, त्याचा पहिला कोपरा मिस्त्रींनीच आखला. त्यांच्या दोरीनं. अख्ख्या जगात संशय नसलेली त्यांची एकच वस्तू म्हणजे ही दोरी. वडिलांनी, दुधरामांनी, अंबाडीची वळलेली. बारा हात लांब, हाताहाताला साधी गाठ, दोन्ही टोकं एकमेकांत गुंफलेली, आणि तीन, चार, पाच हातांच्या अंतरानं तीन लाल गाठी. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तिघांनी तीन गाठी धरून दोरी ताणली की तीन आणि चारच्या मध्ये सरळ काटकोन.

यंदा धान निघाल्यावर विहाराचं काम ठरलं. जुनं एका खोलीचं विहार तसंच ठेवून भोवती मोठा हॉल बांधायचा होता. मिस्त्री म्हणाले होते, "विहाराची खुंटी ठोकली का थापी ठेवून देतो. हेच शेवटचं."

शनिवारी दुपारी त्यांनी खुंट्या ठोकल्या. ठेकेदाराचा इंजिनियर गजेंद्र गोंदियाहून आला होता. त्यानं कोन मोजायला कोपऱ्यात फोन टेकवला आणि तोंड वाकडं केलं.

"अंकल, सत्तासी आ रहा है. नब्बे चाहिए. उधर जाते-जाते भिंत एक फूट सरकेल."

"कोन म्हनते?"

"फोन."

"काल याच फोननं तुले कालव्याच्या पाळीवर नेऊन सोडलं. आमच्या चौदा मानसायनं गाडी ढकलली."

"वो मॅप था, अंकल! ये अलग है."

"पेटी तर एकच ना?"

एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सूत धरून पडताळता आलं असतं, पण मध्ये जुनं विहार उभं. मग संघदीप सर पुढे झाले. सर विहार समितीचे अध्यक्ष, हायस्कुलात गणित शिकवतात आणि श्वास घेतात तो "म्हणजेच" म्हणण्यासाठी.

"मिस्त्री, तुमची दोरी खरीच आहे. म्हणजेच हा पायथागोरसचा नियम. ग्रीसचा तत्त्वज्ञ, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे यज्ञाची वेदी आखणाऱ्यांनीही लिहून ठेवलाय. बॅबिलोनमध्ये त्याच्याही आधी, मातीच्या पाट्यांवर."

"या पायथानं घरं किती बांधली?"

"घरं नाही बांधली. त्याचा पंथ होता, शिष्य होते. संख्या म्हणजेच विश्वाचं मूळ, असं मानत. पावट्यासारखे दाणे खायला मनाई होती म्हणतात."

"म्हंजे बुवा होता."

"नाही हो मिस्त्री..."

"शिष्य हायेत, पंथ हाय, काय खाऊ नोका थेही हाय. आन् बुवा नाही?"

सरांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला की पुढचा तास सुरू होतो. "बरं, फोनचं ऐका. अ‍ॅरिस्टॉटलनं खरं-खोटं ओळखायचे नियम बांधले. दोन हजार वर्षांनी बूल नावाच्या इंग्रजानं त्याचं गणित केलं. खरं म्हणजे एक, खोटं म्हणजे शून्य. आणि अंक म्हणून शून्य चालवलं आपल्या लोकांनी. म्हणजेच फोनच्या पोटात फक्त हो आणि नाही."

"आन् 'पाहू'?"

"'पाहू' नाही."

"मंग त्याच्या भरवशावर विहार बांधून राहिले तुमी?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "उद्या आठला जेसीबी येतो. तोवर कोपरा नाही जुळला तर आखणी मशीननं होईल. म्हणजेच..." पहिल्यांदाच सरांचं "म्हणजेच" अर्धवट राहिलं. पुढचं सगळ्यांना कळलं होतं. टोलीत मिस्त्रींची खुंटी नसलेली एकच इमारत होणार होती, आणि तीही विहार.

मिस्त्रींनी फोन उलटा करून बघितला. झटकून बघितला. नव्या फरशीच्या कोपऱ्यात ठेवायला लावला. फोन म्हणाला नव्वद. मिस्त्रींनी मग फरशीवर संशय घेतला.

एवढ्यात रुक्माबाई चहाची किटली घेऊन आल्या. या मिस्त्रींच्या पत्नी. किटली खाली ठेवून, पदर खोचून, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहो, साऱ्या दुनियेची तपासनी झाली. दोरीची केली का?"

"बाबाची दोरी हाय थे!"

"रविवारी भंतेजी काय सांगून राहिले होते? बुद्धानं म्हटलं, वडील सांगतात म्हनून मानू नोका, मोठा सांगते म्हनून मानू नोका, सोता पाहा. समोर बसून मुंडी कोन हलवत होतं, मी का?"

"ते येगळं."

"काऊन येगळं? आन् बाबाची तरी सारी कुठी हाय? दिवाळीत पाच हाताच्या बाजूतले दोन हात उंदरायनं खाल्ले. तुमीच वळून जोडले. कोन्या हातानं मोजलं?"

मिस्त्रींनी उजवा हात वर केला. त्यांनी बघितला, मग आम्ही सगळ्यांनी बघितला. मधल्या बोटाचं टोक जिथं असायला हवं, तिथं नुसती हवा.

ते खाली बसले. वडिलांच्या भागावर हात ठेवला, तर तो गाठीपासून अंगठाभर मागेच राहिला. जोडलेल्या भागावर ठेवला, तर बरोब्बर बसला. दोन हात, दोन्ही आखूड.

"चोर भेटला," मिस्त्री म्हणाले. "माह्याच हातात होता."

गजेंद्रचा चेहरा फुलला. "तो फिर अंकल, मशीन से..."

"थांब बे."

मिस्त्रींनी वडिलांनी बांधलेल्या गाठी सोडायला घेतल्या. रुक्माबाईही दचकल्या. एकेक लाल गाठ सुटली, गुंफलेली टोकं मोकळी झाली. मग त्याच आखूड हातानं त्यांनी पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"अंकल, हाथ तो छोटाही है ना?"

"असू दे. आता बाराच्या बारा तेवढेच आखूड. भांडन सरलं."

सरांनी बोटांवर हिशोब करून पाहिला. "चालेल," ते म्हणाले. "हात कुणाचाही असो. बाराही वेळा तोच पाहिजे." यात "म्हणजेच" एकदाही नव्हतं.

शेवटी वीतभर दोरी उरली. मिस्त्रींनी ती कापून रुक्माबाईंच्या हातात दिली. एक गाठ सरांनी धरली, एक गजेंद्रनं, कोपऱ्यावर स्वतः मिस्त्री. दोरी ताणली. खुंटी चार बोटं सरकली. गजेंद्रनं फोन टेकवला आणि गोंदिया स्टेशनवरच्या हमालासारखा ओरडला, "नब्बे! अंकल, पूरे नब्बे!"

"दुसऱ्याचा फोन आना."

दुसऱ्याचा आणला, तिसऱ्याचा आणला. तिन्ही नव्वद. मिस्त्रींनी तीन घाव घालून खुंटी ठोकली.

"आता तरी पटलं ना, मिस्त्री?" सरांनी विचारलं.

"पाहू."

रविवारी आठला जेसीबी धडधडत आला, तर चैतराम मिस्त्री खुंटीशी बसलेले, मांडीवर दोरी. त्यांनी हात दाखवून इंजिन बंद करायला लावलं. ड्रायव्हर खाली उतरला.

"काऊन, आजोबा?"

मिस्त्रींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि एक लाल गाठ त्याच्या हातात दिली.

"धर इथी. राती उंदरं फिरतात."