मावशींनी दिलेला फोटो

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून एक मावशी मासे घेऊन यायच्या. मी शाळेत चित्रकला शिकवते, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक फोटो काढला. होडीवर उभा असलेला उघडा, काळासावळा माणूस. त्यांचे वारलेले यजमान.

"एकच फोटो हाय, बाय. बगून मोठं चित्र काढून दे. भिंतीवर लावते."

मी हो म्हटलं. तेव्हा मनात खोट नव्हती.

पण त्याच महिन्यात वाशीच्या एका प्रदर्शनात माझं चित्र लागणार होतं. कोळशाने खाडी काढली होती, तिच्या काठावर पेन्सिलीने टॉवरांची रांग. काहीतरी कमी पडत होतं. मावशींच्या फोटोची प्रिंट काढून चिकटवून बघितली, ती चकचकीत, खोटी दिसली. मूळ फोटोचा पिवळटपणा तिला नव्हता. मग मी कटर घेतला. होडी कापली, पाय कापले, आणि डोकं-खांदे तेवढे एका टॉवरच्या खिडकीत डकवले. उरलेले तुकडे केराच्या डब्यात गेले.

चित्राचं कौतुक झालं. एका बाईंनी विचारलं, "हा फोटो कुठे मिळाला?"

"जुन्या सामानात सापडला," मी म्हटलं. सापडला! आजही तो शब्द आठवला की तोंड कडू होतं.

मावशी विचारायच्या, "झालं का गं चित्र?" मी म्हणायचे, "चालू आहे," आणि त्यांच्याकडून पापलेट निवडून घ्यायचे.

प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आलं, हॉलमध्ये भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टे पैसे आणायला आत वळले तेवढ्यात मावशींना ते दारातून दिसलं. माशांची पाटी खाली ठेवून त्या आत आल्या.

"होरी कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मग चित्राजवळ वाकून, "पाय?"

मी प्रिंट पुढे केली. म्हटलं, यात सगळं आहे, अगदी तसंच.

"यो नको. त्यो त्यांनी सोता खिशात ठेवलेला." त्या ओरडल्या नाहीत. "हाय तेवरा काढून दे."

मी ब्लेडने कडा उचलली. गोंद घट्ट बसला होता. एक कान कागदावरच राहिला. मावशींनी तो तुकडा पिशवीत घातला, पाटी उचलली आणि गेल्या. मला माफी मागायचंही सुचलं नाही. आता त्या शेजारच्यांकडे येतात, माझी बेल वाजवत नाहीत.

पण मला खरी किळस येते ती त्यानंतरच्या क्षणाची. दार लावून मी चित्राकडे वळले. खिडकीच्या जागी खरवडलेला पांढरा चट्टा होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, हे असंच जास्त चांगलं दिसतंय.