आटवलेलं पाणी

कपडे धुण्याच्या कारखान्यात त्याला सगळे 'वाफवाले' म्हणत. सत्तावीस वर्षं एकाच बॉयलरपुढे काढलेला माणूस. दर पाळीला तळाचा कॉक उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचं, हा त्याचा नेम. कोणी कारण विचारलं, की छाती फुगवून सांगायचा, "वाफ उडून जाते बाबा, क्षार मागेच राहतात. सोडले नाहीत तर नळ्या चोंदतील." बॉयलरच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि हाच शहाणा घरी काय करत होता?

बायकोच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: मीठ बंद, आणि पाणी उकळून प्यायचं. गल्लीतल्या बोअरचं पाणी मुळातच मचूळ. यानं मनाशी ठरवलं, उकळल्यानं जंतू मरतात, तसं मीठही मरेल. कामावरून आला की पातेलं गॅसवर चढवायचा आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचा. मग फडक्यानं गाळून, गार करून तिच्या हातात द्यायचा. जिवापाड केलं त्यानं, यात खोट काढता येणार नाही.

"अहो, पाणी खारट लागतंय," ती म्हणायची.

"तुझ्या तोंडाची चव गेलीय. डोळे मीट आणि पी."

ती बिचारी प्यायची. पाय सुजतच चालले. मग हा आणखी आटवायचा.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी खुर्चीतच त्याचा डोळा लागला आणि पातेलं कोरडं पडलं. तळाशी पांढरी खपली होती. त्यानं ती नखानं उकरून जिभेवर ठेवली. निव्वळ मीठ! लोखंडाच्या बॉयलरसाठी जे कळत होतं, ते बायकोसाठी कळू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मी म्हणत होते ना," एवढंच ती बोलली. कडाकडा भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुकरच्या शिटीच्या जागी नळी बसवली, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि वाफेचं पाणी थेंब थेंब तांब्यात धरलं. चाखून पाहिलं. मिठाचा मागमूस नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंना त्यानं हे मोठ्या आशेनं सांगितलं.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या, "पण काका, उशीर झालाय. आता शरीर पाणीच बाहेर टाकत नाही. दिवसाला दोन कप, चहा-दूध धरून. जास्त गेलं तर फुप्फुसांत साचेल."

त्या दिवशीचा दुसरा कप तिनं दुपारीच संपवला.

"किती गोड लागतंय हो," ती म्हणाली. "अजून घोटभर द्या ना."

तांब्या तिच्या उशाशी काठोकाठ भरलेला होता. त्यानं तो उचलला आणि तिला दिसणार नाही असा ओट्याखाली ठेवून आला.