दोन पुडे उरले

आत्ताच घरी आले, आणि लगेच लिहितेय.

आज माझ्या दुसरीच्या वर्गाला बारामतीहून इंदापूरला पोस्ट ऑफिस बघायला नेलं होतं. सकाळीच जोड्या लावून जोडीदाराचा हात सोडायचा नाही, असं बजावलं होतं. घरच्यांना लिहिलेली पत्रं मुलांनी स्वतः पेटीत टाकली. परत निघताना बसमध्ये मी नेहमीसारखं विचारलं, "ज्याचा जोडीदार आला नाही, त्यानं हात वर करायचा."

एकही हात वर झाला नाही. बस सुटली.

हायवेला लागल्यावर बिस्किटं वाटली, तर दोन पुडे उरले. एकेका बाकावरचे चेहरे बघत गेले. स्वरा आणि तनुजा नव्हत्या. दोघी एकमेकींच्याच जोडीदार, मग हात वर करणार कोण?

ड्रायव्हर तात्या म्हणाले, "बाई, बसा खाली. वळिवतो." बस पुन्हा पोस्टासमोर येऊन थांबली.

दोघी पत्रपेटीजवळच उभ्या होत्या, रडून डोळे लाल झालेले. मला बघताच तनुजा म्हणाली, "बाई, आमी हात न्हाय सोडला."

खरंच, दोघींनी हात घट्ट धरलेले होते. मी सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं.

शिक्षकमित्रांनो, खरं सांगा, तुम्ही मुलं मोजता, की माझ्यासारखं नुसतं विचारता?