खाली लिहिणारी माणसं

बेबीताई फुटाणे लिहिलेली चूक खोडत नाहीत. शेंदूरजनाघाटला एकवीस वर्षं कृषी सहायक होत्या, तेव्हाही डायरीत खाडाखोड नसायची. चुकलेली ओळ तशीच ठेवायची, तिच्याखाली बरोबर ओळ लिहायची आणि ती कोणी सांगितली त्याचं नाव. साहेब चिडायचे. सरकारी डायरीत शेतकऱ्याचं नाव कशाला, म्हणायचे. बाई स्वतःचा अडाणीपणा स्वतःच नोंदवून ठेवते, असं ऑफिसात हसून बोललं जायचं.

निवृत्त होऊन अमरावतीत राहायला आल्यावर त्यांनी ब्लॉग सुरू केला. नाव ‘धुऱ्यावर’. शेताच्या बांधाला आपल्याकडे धुरा म्हणतात. दोन वावरांतली माणसं तिथंच उभी राहून बोलतात. तेरा वर्षांत चारशे बारा लेख झाले, सगळे संत्र्यावर. कलम, कोळशी आणि डिंक्या हे रोग, पाणी. आणि प्रत्येक लेखाखाली वाचणाऱ्यांचं लिहिणं. कुठं चार ओळी, कुठं लेखापेक्षा मोठं.

एक लेख ताणावर होता. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, हवा असेल तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. तहानलेलं झाड पुढं फुलावर येतं. बेबीताईंनी लिहिलं होतं, पंचेचाळीस दिवस पाणी तोडा. त्यांची सारी नोकरी पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत गेलेली, म्हणून सगळी जमीन तशीच धरून लिहिलं. तिसऱ्या दिवशी खाली वाहेद खाँ यांनी लिहिलं. राहणार अकोल्याच्या जुन्या शहरात, बाग तेल्हाऱ्याकडे. “ताई, आमची जमीन मुरमाड हाय. इथं पंचेचाळीस दिवस ताण दिला तं झाडं सरपणाले जातीन. आमी विसाव्या दिवसापासून पानं पाहतो.” त्याखाली आणखी अकरा जणांनी आपापल्या जमिनीचं लिहिलं. वर चूक, खाली बरोबर. लोक पूर्ण वाचायचे आणि शहाणे होऊन जायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ब्लॉगच्या कंपनीचं पत्र आलं. एकतीस जानेवारीला ही जागा बंद, तुमचे लेख घेऊन जा, तुमच्यासोबतचा प्रवास फार सुंदर झाला. खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. तेरा वर्षं माणसांनी फुकट लिहून तुमची जागा भरली, तिच्यावर तुम्ही जाहिराती चिकटवल्या, आणि आता निरोपाला एक चित्र. पत्र लिहिणाऱ्याचं नावही नव्हतं. भांडायचं तरी कोणाशी?

हे सामान हलवायचं काम बेबीताईंनी पियुषला दिलं. नात्यातला, चौतीस वर्षांचा, अमरावतीत वेबसाइटचं ऑफिस. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं नवी जागा दाखवली. अक्षर सुबक, वर संत्र्याचा मोठा फोटो. बेबीताईंनी लेख खाली सरकवला. लेख संपला आणि पांढरं सुरू झालं.

त्यांनी विचारलं, खालची माणसं कुठं आहेत?

ती येत नाहीत, पियुष म्हणाला. लेख आपोआप येतात, कमेंट हातानं एकेक चिकटवाव्या लागतात, आणि तशा चिकटवल्या तर सगळ्या बेबीताईंच्याच नावानं दिसतात. मग समजूत घातल्यासारखं बोलला, “मावशी, चांगलंच झालं ना. सगळं ज्ञान तुमच्याच नावावर.”

हे तो हसत म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो काहीतरी देतो आहे. दुसऱ्याचं शहाणपण आपल्या नावावर चढणं हा आता बक्षिसाचा प्रकार झाला आहे.

बेबीताईंनी नवी जागा सध्या बंद ठेवायला सांगितली. पियुष हो म्हणाला आणि बंद केली नाही. उलट जुना पत्ता उघडला की माणूस थेट नव्या जागी पोचावा अशी सोय करून ठेवली. लोक येऊन राहिले, बंद कशाला करायचं, हा त्याचा विचार.

बारा जानेवारीला फोन आला. शेंदूरजनाघाटजवळचा शिवम. डोंगराखालची बाग, पातळ मुरमाड जमीन. तो म्हणाला, “बाई, तुमचं वाचून पाणी तोडलं. आज तेहतीस दिवस झाले. पानं वळून गोळा झाली, शेंडे वाळून राहिले.”

बेबीताईंनी आधी पाणी सांगितलं. आजच सोड, पण हलकं, एकदम भरपूर नको. मग विचारलं, खालचं वाचलं नाही का? तो म्हणाला, खाली काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं बागेत गेल्या. धुऱ्याकडच्या दोन ओळींतल्या फांद्या हातात मोडत होत्या. शिवमचे वडील किसनराव पाण्याच्या मोटारीजवळ बसून होते. त्यांनी चहा दिला.

तिथून त्या पियुषच्या ऑफिसात गेल्या. तो सांगू लागला की वाचणारे तिप्पट झाले आहेत. बेबीताई खुर्चीवर बसल्या नाहीत.

“तिप्पट लोकाइले तू माही चूक वाचून दाखवली,” त्या म्हणाल्या. “माह्या नावानं. बंद कर, मी इथं उभी आहे.”

त्यानं बंद केलं, जुना पत्ताही पहिल्यासारखा मोकळा केला.

मग त्या अकोल्याला गेल्या, वाहेदभाईंना पहिल्यांदाच भेटल्या. त्यांची दुरुस्ती त्यांच्या नावानं लेखाच्या आतच घालायची होती, त्याची परवानगी हवी होती. हमिदाभाभींनी शिरखुर्म्यासारखा घट्ट चहा केला. वाहेदभाई स्वतः काय लिहिलं ते विसरून गेले होते. “दहा वर्सं माहं लिहिलेलं सांभाळलं, आणि आता पुसाले लागले तं विचाराले आल्या,” ते म्हणाले. “पुसणाऱ्यानं नाई विचारलं मले.”

उरलेल्या दिवसांत बेबीताईंनी रोज बसून जुन्या जागेवरून एकेक दुरुस्ती उचलली आणि आपल्या मजकुराच्या वर ठेवली. नाव, गाव, जमीन कशी ते. पियुषनं सांगून पाहिलं, पान उघडताच ‘मी चुकले’ दिसलं तर कोण थांबेल? त्या म्हणाल्या, ज्याची बाग आहे तो थांबेल. आणि एक ठरवलं. ज्या लेखाखालची माणसं आणता येणार नाहीत, तो लेखही आणायचा नाही.

एकतीस जानेवारीपर्यंत एकशे सत्तावन्न झाले. एक फेब्रुवारीला सकाळी जुना पत्ता उघडलाच नाही. अडीचशेवर लेख गेले, त्याचं बेबीताईंना फारसं वाटलं नाही. पण त्यांच्याखाली रात्रभर बागेला पाणी देत ओलित करून, सकाळी मोबाइलवर बोटं चालवणारी शेकडो माणसं होती. त्यांना कोणी साधं कळवलंही नाही. त्यांच्यासाठी हसरा चेहरासुद्धा नव्हता.

फेब्रुवारीत त्यांनी शिवमला फोन केला. बाकीची बाग सावरली होती, दोन ओळी गेल्या. ताणाच्या लेखावर तुझंही लिहिते, चालेल का, असं विचारलं.

“लिहा,” तो म्हणाला. “पण बाबाचं नाव नका टाकू. तो पंचविसाव्या दिवशीच म्हणून राहिला होता, पाणी सोड. मीच म्हटलं, बाईनं पंचेचाळीस लिहिलं हाय. आता छापून आलं तं तो साऱ्या गावाले दाखवत फिरीन.”

ताणाचा लेख आता असा सुरू होतो: शेंदूरजनाघाटचे किसनराव यांनी पंचविसाव्या दिवशी पाणी सोडायला सांगितलं होतं. त्यांचं बरोबर होतं.