मावशीची पहिली ओळ

किळस आली आहे मला. साहेबाची, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

आमच्या कारखान्यातली सगळी यंत्रं जपानी. त्यांची पुस्तकं वाचून आम्हाला समजावायची ती मावशी. नात्याने कोणाचीच नाही, पण झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळे मावशीच म्हणायचे. नवऱ्यामागे दोन पोरं तिने याच कामावर वाढवली. पुस्तकात नसलेले बारकावे जपानी तंत्रज्ञांना विचारून विचारून तिने जपानीतच टिपले; बावीस वर्षांत अकराशे छोट्या फायली झाल्या. महिनाभरात निवृत्त होणार होती. आपल्यामागे फायली राहतील, एवढंच तिचं समाधान.

आता गोम अशी, की जपानी अक्षरं साठवायच्या दोन-तीन पद्धती, आणि आपली कुठली हे जुनी फाईल स्वतः सांगत नाही. फाईल उघडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, अंदाज बांधतो. मजकूर चार शब्दांचा असला की बऱ्याचदा माती खातो. म्हणून मावशी प्रत्येक फायलीच्या डोक्यावर एकच लांबलचक जपानी ओळ टाकायची. चिकार अक्षरं मिळाली की तो मुकाट ताळ्यावर यायचा.

नव्या साहेबाने त्या ओळीचा अर्थ काढून घेतला. घरातले सगळे जेवून उठले, भांडी झाली, आता मी जेवते, असलं काहीतरी होतं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून खो खो हसला, शी! वर हुकूम, की ऑफिसच्या फायलींत घरगुती रडगाणी नकोत. नवा एडिटर सगळं आपोआप ओळखतो म्हणे.

मावशीने मला बजावलं होतं, ओळ काढलीस तर पस्तावशील. तरी साहेबाची मर्जी राखायला मीच एका फटक्यात अकराशे ओळी उडवल्या आणि फायली नव्या पद्धतीत जतन केल्या.

दुसऱ्या दिवशी मावशीने उघडल्या, तर नुसती प्रश्नचिन्हं. ओळ नसल्याने नव्या एडिटरचाही अंदाज चुकला होता, आणि ते चुकलेलंच मी जतन केलं होतं. राखीव प्रत रोज आपोआप नवी होते, त्यामुळे तिच्यातही तोच उकिरडा. साहेबाने हात झटकले. मावशीला सांगा पुन्हा लिहायला, अजून महिना आहे, म्हणाला. निर्लज्ज माणूस. आणि तो निरोप घेऊन गेलं कोण, तर मीच.

मावशी कोरी फाईल उघडून बसली होती. पहिली ओळ तिने भरभर टाइप केली. पुढे बोटं हलेनात. मी ओशाळून विचारलं, आठवतंय का काही.

"ही ओळ रोजचीच आहे, ती कशी विसरेन?" ती म्हणाली. "बाकीचं लक्षात राहणार नाही, म्हणून तर लिहून ठेवलं होतं."