ओवीचा डबा आणि आमची जळजळ

शाळेतले बहुतेक किस्से स्टाफरूममधला चहा संपेपर्यंतच टिकतात. ओवीचे मात्र साठत गेले. ओवी अमरावतीहून आमच्या जठारपेठेतल्या शाळेत आली, माझ्या दुसरीच्या वर्गात. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. अशा पोरीची खरं तर काळजी वाटावी. आमच्याकडे जो तो तिच्यावर जळायचा.

*

पहिल्याच दिवशी मी वर्गाला समजावलं. डब्यात शेंगदाणे आणायचे नाहीत, ओवीला आपल्यातलं काही द्यायचं नाही, जेवल्यावर साबणानं हात धुवायचे.

दुसऱ्या दिवशी वेदांतनं हात वर केला. "मॅडम, मले भेंडीची ॲलर्जी आहे."

"कोण म्हणालं?"

"मीच."

मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात कारल्याची, दुधाची आणि एकाला शुद्धलेखनाची ॲलर्जी निघाली.

*

सगळ्यात जास्त जळायची शर्वरी, ओवीच्या शेजारी बसणारी. ओवीचा नॅपकिन वेगळा, जेवताना मी तिच्याजवळ. एकदा शर्वरी घुश्शातच म्हणाली, "ओवी नुसती खोकलली तं तुमी धावता. मी पडली तं म्हणता, ऊठ."



*

मग वेदांतची आजी भांडायला आली. "एका पोरीसाठी माह्या नातवानं दाण्याची चटणी सोडायची? माह्यासाठी तं कोणी कधी काई सोडलं नाही. अन् आमच्या टायमाले अशा ॲलर्ज्या नव्हत्या, बाई."

मी तिला सांगितलं, आधी ओठ सुजतात, मग घसा आवळतो. ऐकता ऐकता आजी खाली बसली.

"माही धाकटी बहीण अशीच गेली," ती म्हणाली. "दाण्याचा लाडू खाल्ला अन् तोंड सुजलं. सारे म्हणे, नजर लागली."

दुसऱ्या दिवसापासून वेदांतच्या डब्यात जवसाची चटणी यायला लागली.

*

आता माझं सांगते. एका मुलाच्या वाढदिवसाला त्याची आत्या बर्फी घेऊन आली. काजूची आहे म्हणून तिनं प्रेमानं ओवीच्याही तोंडात तुकडा घातला. मी दारात पोचेपर्यंत तो गिळून झाला होता. बर्फीत दाण्याचा कूट होता.

ओवीचे ओठ सुजले, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिच्या आईनं दिलेलं इंजेक्शनचं पेन माझ्या कपाटात होतं. ते कसं द्यायचं हे मीच शिकून घेतलं होतं. मांडीत दिलं, हेडमास्तरांच्या गाडीत घालून दवाखाना गाठला. पोरगी वाचली.

पण गाडीत तिनं हात धरला होता तो वानखडे मॅडमचा. चित्रकलेच्या वानखडे मॅडम, आठवड्यातून एकदा वर्गावर येणाऱ्या, त्या दिवशी मदतीला म्हणून गाडीत बसलेल्या. नीट बोलता आल्यावर ओवीनं पहिलं विचारलं तेही, "वानखडे मॅडम कुठं गेल्या?"

मी बाहेर जाऊन उगाच पाणी प्यायले. पोरगी वाचल्याचा आनंद होताच. तरी आत काहीतरी जळत होतं.

*

हिवाळ्यात सहल निघाली. मूर्तिजापूरला बस थांबली. खिडकीखाली एक जण हातगाडीवर शेंगदाणे भाजत होता. मी खिडक्या लावायला सांगितल्या. तोवर तो खमंग वास बसमध्ये आलाच होता. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. शर्वरी तर गाडीकडे टक लावून पाहत होती. खारे दाणे म्हणजे तिचा जीव. घरी डबा लपवून ठेवावा लागतो, असं तिची आईच सांगते.

ओवीनं काचेला नाक लावलं.

"शर्वरी," तिनं हळूच विचारलं, "शेंगदाणा कसा लागते व?"

शर्वरीनं गाडीवरची नजर काढून घेतली.

"काईच नाही व," ती म्हणाली. "मातीवानी लागते."